बेणं आणि बटाटा

आमच्या बिल्डिंगच्या मागं, पंपरूमपासनं पार मागच्या गेटापतूर, भिंतीच्या कडेनं मातीची पट्टी सुटलीय. बिल्डरला तिथं काय करावं सुचलं नसंल. कामोठ्यात येवढी माती उघडी राहणं म्हणजे त्याची चूकच म्हणायची. त्या मातीत मी दर साली कायबाय लावते. मिरची, वाल, दोन वांगी. सोसायटीनं कधी हरकत घेतली न्हाय, कारण मागं अशी जागा हाय हे सोसायटीला म्हाईतच नव्हतं. मग गेल्या साली स्कूटरी वाढल्या आन म्हाईत झालं.

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतनं रिटायर झालेले. माणूस वाईट न्हाय, सांगायला सोता वर आले, चपला बाहेर काढून.

"आजी, मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक घालायचं चाललंय. टू-व्हीलर पार्किंग."

"मग माझं?"

"तुमचं म्हणजे काय दाखवू कमिटीला? गेल्या वर्षी बटाटे लावलेत म्हणालात. मी रोज फेरी मारतो तिथं. गवतसुद्धा धड आलं नाही."

हे खरं व्हतं.

"सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मीटिंग आहे," ते म्हणले. "तोवर काहीतरी डोळ्याला दिसेल असं उगवलं, तर बोलता येईल मला. नाहीतर माझा इलाज नाही."

चहा पिऊन गेले. सून म्हणली, "आई, जाऊ दे ना. मी बाल्कनीत कुंड्या आणून देते." चांगल्या मनानं म्हणली. पण कुंडी बाल्कनीत, आन मला तर खाली जायचं असतं. चौथ्या मजल्यावर काय कमी न्हाय. गादी हाय, पंखा हाय, टीव्हीत दिवसभर बायका रडत असतात. पण काम नसताना खाली गेलं की बाकड्यावर बसावं लागतं. बाकड्यावरच्या बायका एकमेकींना आपापल्या गोळ्यांचे रंग सांगतात. माझ्या हातात खुरपं असलं की मला कुणी रंग इचारत न्हाय. ती पट्टी गेली की मी बाकड्यावर गेले, येवढं मला दिसत व्हतं.

गेल्या साली का उगवलं न्हाय, ते सांगते. मी सगळ्या पट्टीत सेक्टरमधल्या भाजीवाल्याकडचा बटाटा लावला. जलम बटाट्यात गेला माझा, तरी लावला, कारण दुसरं मिळंना. खायचा तो बटाटा आन लावायचं ते बेणं. दिसायला दोन्ही सारखंच. बाजारातला बटाटा थंड गोदामात पडून आलेला असतो, वरनं त्याला कोंब येऊ नये म्हणून औषध दिलेलं असतं. तो मातीत घातला तर तिथंबी झोपतो. झोपला आन सडला.

आमचं गाव मंचरच्या वरच्या अंगाला, पठारावर. बटाट्याचंच पठार ते. पावसाच्या तोंडाला पंजाबातनं बेण्याचे ट्रक यायचे आन गावातल्या सगळ्या बायका बेणं कापायला बसायच्या. इळा पायाखाली धरायचा, बटाटा फिरवून डोळे बगायचे, एका फोडीला दोन डोळे तरी आले पायजेत. मग फोडी औषधाच्या पाण्यात बुचकळून सावलीला पसरायच्या. आमी दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायचो. बेणं मालकाचं, राबणूक आमची.

एका साली बेणं कापून झालं आन पावसानं दडी मारली. कापलेलं बेणं थांबत न्हाय. खोलीभर पसरलं व्हतं, आमी कडंनं झोपायचो. रोज उलटंपालटं करायचं, सडलेलं काढायचं, पुना पसरायचं. वास असा की पाव्हणा उंबऱ्यावरनं माघारी जायचा. पाव्हण्याला वाढायला काय नव्हतं, तवा ते बरंच झालं. आमी हुलग्याचं माडगं पीत व्हतो. पातळ, अजून पातळ, मग नुसतं गरम पाणी हुलग्याच्या वासाचं. घरात चालायला जागा न्हाय येवढा बटाटा आन चुलीवर ते पाणी.

माझा धाकटा तवा लहान व्हता. म्हणला, "आये, ह्यातला एक उकड ना."

"औषधाचा हाय तो."

"मग धुऊन उकड."

ह्याला काय सांगायचं. मी म्हणलं, "ते बेणं हाय, बटाटा न्हाय." त्यानं एक फोड उचलून दोन्ही बाजूंनी बगितली आन परत ठिवली. त्याला काय फरक दिसला न्हाय.

पाऊस आला, पण येळ टळून गेल्यावर. निम्मं बेणं लागलं, लिंबाएवढे बटाटे निघाले. पुढच्या साली मालकानं जमीन दुसऱ्याला दिली. मग मालक, म्हणजे माझे, तळोज्याला कंपनीत माल उतरवायच्या कामाला आले, नावड्यात पत्र्याची खोली घेतली, आन मागनं आमी आलो. त्यांनी जलमभर दुसऱ्याची पोती उचलली. आता ते न्हाईत. धाकटा त्याच तळोज्यात सुपरवायझर हाय, आन त्याच्याच फ्लॅटात मी राहते. लई चांगलं झालं म्हणायचं. झालंच.

तर ह्या साली मी ठरवलं, लावीन तर बेणंच लावीन.

सुनेला म्हणलं, "मला बटाट्याचं बेणं पायजे." ती मूळची चिपळूणची, ऐरोलीला कंप्युटरच्या हापिसात जाते. तिला ऐकू गेलं, 'बी'. "एवढंच ना," म्हणली, आन फोनवरनं मागवलं. पाकीट आलं. वर लालभडक बटाट्याचं चित्र, आत चिमूटभर बारीक बी, वांग्याचं असावं तसं.

"हे काय?"

"बटाट्याचं बी. रेटिंग चांगलं आहे आई."

"पोरी, बटाटा बटाट्यापासनं येतो. असल्या बियाचा आमी कधी लावला न्हाय."

"पण फोटो बटाट्याचाच आहे."

"मग फोटो लावू का?"

ती हसली, पण जरा रागावलीबी. पाकीट फ्रिजवर ठिवलं. अजून तिथंच हाय.

मग धाकट्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन सकाळी सकाळी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेले. असा बटाटा मी उभ्या जलमात बगितला नव्हता. पोत्यांच्या भिंती, आन भिंतींच्या मधनं बोळ. एका गाळ्यावर व्यापारी बसले व्हते, कपाळाला गंध.

"बोला आजी. किती पोती?"

"टोपलीभर. लावायला."

"लावायला?" त्यांनी धाकट्याकडं बगितलं, म्हातारी घरातनं पळून तर आली न्हाय ना असं. "आजी, इथला सगळा माल खायचा. आग्र्याचा, इंदूरचा. हा लावून काय उपयोग?"

"तेच म्हणते. बेणं कुठं मिळंल?"

बेणं म्हणल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "तुम्ही कुठल्या?" सांगितलं. तर म्हणले, "मग इथं काय करताय? तिकडं भाजीच्या बाजूला जा. तुमच्याकडचे टेम्पो रिकामे होऊन उभे असतील."

टेम्पो व्हते. एक डायवर टेम्पोच्या फाळक्याला टेकून चहा पीत व्हता. बोलला तसं कळलं, हा पठारावरचाच.

"दादा, बेणं पायजे टोपलीभर."

"माझ्या भावाला घेऊन जावा की," तो म्हणला. "त्याच्यासारखं बेणं साऱ्या तालुक्यात न्हाय." आमच्याकडं वांड पोरालाबी बेणंच म्हणतात. लई दिसांनी कुणीतरी माझ्या बोलीत टिंगल केली. मला बरं वाटलं.

"त्याला कोंब फुटतील का?"

"त्याला काम सोडून सगळं फुटतं. खरंच पायजे का आज्जे? आमच्याकडं लागणी चालूच हायत. पुढल्या फेरीला आणतो. कळंबोलीच्या पुलाखाली थांबा."

थांबले. त्यानं अर्धं पोतं आणलं व्हतं, निवडून घ्या म्हणला. मी रस्त्याच्या कडंला बसकण मारली, पोतं पदरात ओतलं आन एकेक बगाय लागले. कोंबडीच्या अंड्याएवढं पायजे. त्याहून मोठं घेतलं तर कापावं लागतं, आन कापायचं बेणं मी आता घेत न्हाय. लई बारकं घेतलं तर त्यात दम नसतो. अंगठ्यानं दाबून बगायचं, साल दबली न्हाय पायजे. डोळ्यातनं कोंब आखूड, जाड, जांभळट डोकावत असंल तर ते जागं झालं. पांढऱ्या दोऱ्यागत लांब निघाला असंल तर ते अंधारात वाया गेलं.

वरनं ट्रक धडाधड चालले व्हते. डायवर घड्याळ बगत व्हता.

"आज्जे, सोयरीक जमवताय का?"

"सोयरिकीला येवढं कोण बगतं? माझ्या येळंला सासऱ्यानं नुसते बैल इचारले व्हते."

त्यानं मुकाट बोनटवर बूड टेकलं. जाताना कोथिंबिरीची जुडी वर दिली.

घरी आणून टोपली गॅलरीत ठिवली, सावलीला, उजेड लागंल अशी. चार दिस तिथं ठिवलं की कोंब नीट धरतात. शेजारी शेणखताची पिशवी, नर्सरीतनं आणलेली, चकचकीत, वर फुलाचं चित्र. घरात सगळ्यांना सांगितलं, "गॅलरीत बेणं ठिवलंय. हात लावू नका." सून म्हणली, "नाही लावत आई."

मधी कार्तिकातली एकादशी आली. मी सकाळी सेक्टरच्या देवळात भजनाला गेले, ती दुपारी आले. सुनेनं माझ्या उपासासाठी सुट्टी टाकली व्हती. खिचडी, दही, आन बटाट्याची भाजी, जिरं-मिरची घालून, शेंगदाण्याचं कूट घालून. ताट वाढून समोर बसली. तिचं लेकरू शाळेत, धाकटा ड्यूटीवर, आमी दोघीच.

पहिला घास घेतला आन माझा हात थांबला. बाजारच्या बटाट्याला गोदामातली एक गोडसर चव असते. ह्याला नव्हती. हा मातीच्या चवीचा व्हता, पिठूळ, तोंडात फुटणारा. आमच्या पठारावरचा.

"कसा झालाय?" तिनं इचारलं.

"चांगला झालाय. बटाटा कुठला?"

"तुमच्याच टोपलीतला. घरातले संपले होते. एवढे छान दिसले, म्हटलं आईंच्या उपासाला हेच करू."

"आन बेणं?"

"त्याला मी हातसुद्धा लावला नाही," ती म्हणली. "उलट आत आणून ठेवलं. दव पडतंय ना हल्ली."

तिनं दाखवलं. शेणखताची पिशवी घरात, देवाच्या कपाटाखाली, कोरड्या फडक्यावर ठिवली व्हती. त्या बियाच्या पाकिटागत वर चित्र, तवा तिला वाटलं, बेणं ते. आन टोपलीत काय, तर बटाटे.

मी ताटाकडं बगितलं. उपासाचं अन्न टाकता येत न्हाय, आन टाकून ते परत मातीत जाणार न्हाय. सगळं खाल्लं. वर अजून मागून घेतलं, कारण ती आशेनं बगत व्हती. मग हात धुतल्यावर तिला सांगितलं, बेणं म्हणजे काय. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आता हिलाच पाणी द्यावं लागतंय.

"तुम्ही खात का बसलात मग?"

"भाजी चांगली झाली व्हती."

ती रडाय लागली. मी म्हणलं, "रडू नको बाई, मीठ आधीच बरोबर पडलंय." त्यानं अजून रडली.

संध्याकाळी धाकटा आला. तिनं दारातच त्याला सगळं सांगितलं, आपणहून. त्यानं हातपाय धुतले, आत गेला, कढईवरचं झाकण काढून बगितलं. थोडी भाजी उरली व्हती.

"मला वाढ," तो म्हणला.

तिनं गरम करून दिली. उभ्याउभ्याच खाल्ली त्यानं, वट्याला टेकून. मग माझ्याकडं बगून म्हणला, "आये, मिळालं एकदाचं." त्याला आठवत असंल असं मला वाटलं नव्हतं. सुनेला काय कळलं न्हाय, ती एकदा त्याच्याकडं बगायची, एकदा माझ्याकडं. मी उठून गॅलरीत गेले.

टोपली रिकामी व्हती. मी इचारलं, "सगळं घातलंस का भाजीत?"

"नाही हो आई, चांगले तेवढेच घेतले. बाकीच्यांना कोंब आले होते, ते खराब म्हणून टाकले."

"कुठं टाकले?"

"ओल्या कचऱ्यात."

ओल्या कचऱ्याची बादली दाराबाहेर असते. झाडूवाली सणासुदीला दांडी मारते, आन ह्या घरात तिच्या दांडीवर मीच सगळ्यात जास्त बोललेली हाय. बादली भरलेली तशीच व्हती. जिन्यातल्या दिव्याखाली बसून मी केळीच्या साली, चहाची पावडर बाजूला केली आन एकेक बाहेर काढला. समोरच्या फ्लॅटातली बाई दार उघडून बगून गेली. बगू दे.

काय सांगू, सुनेनं काय निवड केली व्हती. ज्याचा डोळा झोपलेला ते सगळे भाजीत, आन ज्याचा कोंब जाड, जांभळा, तरारलेला ते सगळे बादलीत. मी सोता निवडाय बसले असते तर दोन-चार ठिकाणी चुकले असते. ही कुठं चुकलेली नव्हती.

"पोरी," मी म्हणलं, "तू बेण्याच्या धंद्यात पायजे व्हतीस."

"टोमणा मारताय."

"मारतेय. पण खोटा न्हाय."

दुसऱ्या दिवशी लावलं. सून माझ्यासंगं खाली आली, हापिसात तब्येत बरी न्हाय म्हणून कळवलं. सरी मी काढली, तिनं एकेक बेणं कोंब वर करून ठिवलं, माती मी ओढली. बाकड्यावरच्या बायका बगत व्हत्या. एकीनं इचारलं, "सूनबाई खाली कशा आज?" सून म्हणली, "शिक्षा झालीये."

ते उगवलं. सगळं उगवलं असं न्हाय, पण डोळ्याला दिसंल येवढं उगवलं. थंडी ह्या साली जरा बरी पडली. पाला गुडघ्याला आला तवा सेक्रेटरी फेरी मारताना थांबले, वाकून वाकून बगाय लागले.

"आजी, पण बटाटे कुठं आहेत?"

"खाली."

"खाली म्हणजे नक्की आहेत ना? मीटिंगमध्ये मला पाला दाखवून चालणार नाही."

"सायेब, मीबी वरनंच बगतेय."

ते खोटं नव्हतं. तो सगळा जानेवारी मला धड झोप न्हाय. पाला माजतो आन खाली काय नसतं, असंबी मी बगितलेलं हाय.

झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आन सगळी मंडळी मागं आली. पाला अजून हिरवा व्हता, अजून पंधरवडाभर थांबायला पायजे व्हतं, पण कमिटीला पंधरवडा कोण सांगणार. मी एका झाडाच्या बुडात हात घातला. हाताला गार, गोल लागलं. मग अजून एक. ओढून काढलं तर पाच-सहा लोंबत आले, कोवळे, साल अंगठ्यानं निघंल असे. लोकांनी फोन वर केले. सेक्रेटरींनी तो झुबका माझ्या हातातनं घेतला आन सगळ्यांना दाखवला, जणू त्यांनीच रात्रभर जागून घातले व्हते. पेव्हर ब्लॉक तिथंच बारगळले. स्कूटरवाल्यांनीसुदिक हात वर केले.

आन लगीच चेअरमनची बायको म्हणली, "मग आम्हाला पण जागा हवी. एकट्या आजींनाच का?"

सगळ्यांना पायजे झाली. मग पुढच्या मीटिंगला ठरलं, एका फ्लॅटला एक वाटा, चिठ्ठ्या टाकून. पट्टीवर चुन्याच्या रेघा मारल्या. रेघा मारायला माप कुठलं, तर पार्किंगच्या नकाशातलं तयारच व्हतं. एक स्कूटर, एक वाटा.

आमची चिठ्ठी निघाली पंपरूमच्या मागची. दुपारी बारालाबी तिथं ऊन पोचत न्हाय.

सून उभी राहिली. ही पोरगी मीटिंगमधी कधी तोंड उघडत न्हाय. "आईंमुळे ही जागा राहिली," ती म्हणली, "आणि त्यांना अंधारातला कोपरा? ऊन असलेला वाटा त्यांना द्या."

"वहिनी, भावना समजतो," सेक्रेटरी म्हणले, "पण नियम सगळ्यांना सारखा हवा."

"बस बाई," मी म्हणलं. "वाट्याची जमीन मला नवी न्हाय."

मीटिंग सुटल्यावर मी कोपरा बगाय गेले. सून रागानं मागनं आली. पंपाचा पाइप जोडापाशी गळत व्हता, थेंब थेंब, आन खालची माती काळी, भुसभुशीत, पाय रुतंल अशी झाली व्हती. सावली तर हायच. मी खाली बसून माती मुठीत दाबून बगितली. आळू चांगला येईल. नावड्याला जुन्या खोलीशेजारच्या बाईच्या मोरीमागं आळू माजलेला असतो, तिच्याकडनं लावायला आळूचे चार कांदे आणता येतील.

"काय हसताय?" सून म्हणली.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मनाला लागलं असंल त्यांच्या.

"आजी, हा पाइप फार दिवस गळतोय ना? उद्याच प्लंबर पाठवतो. तुमची तेवढी तरी सोय होईल."

"कशाला घाई करता सायेब," मी म्हणलं. "आजपतूर गळला, अजून गणपतीपतूर गळू द्या."